बिब्बा घालून घेऊ नका: झाडपाल्यातल्या या चुका टाळा

आमच्या किनवट भागात बिब्ब्याची झाडं जंगलातच, त्यामुळे घरोघरी डबीत दोन-चार बिब्बे असायचे. पायात काटा मोडला की आजी बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायची आणि तेलाचा एक ठिपका काट्यावर टेकवायची. एकच. हे 'एकच' आजकाल कुणाला ऐकूच येत नाही.

आमच्या भाच्यानं मोबाइलवर बघून दुखऱ्या गुडघ्याला बिब्ब्याचं तेल चोळलं, वर फडकं बांधलं. रात्रभर काहीच नाही. म्हणून पठ्ठ्यानं सकाळी परत चोळलं! दुसऱ्या दिवशी फोन, "मामा, लई खाजवायलंय." जाऊन बघतो तर गुडघ्यावर पाण्याचे टरटरीत फोड, आणि त्याच हातानं डोळे चोळल्यामुळं पापण्या सुजून डोळे मिटलेले. बिब्बा उतला होता. बिब्बा हा आंबा-काजूच्या कुळातला. त्याचं तेल बहुतेक वेळा लगेच नाही, एक-दोन दिवसांनी इंगा दाखवतं. 'काही झालं नाही' म्हणून दुसरा हात फिरवायचा नसतो. धोबी कपड्यांवर न जाणारी खूण करायचे ती याच रसानं. कातडीचं काय होईल ते बघा.

तेल लागलं की लगेच साबणानं धुवा, टॉवेल वेगळा ठेवा. फोड आले किंवा तोंडावर गेलं तर डॉक्टर गाठा, त्यावर आणखी पाला चोळू नका. मी स्वतः बिब्ब्याला काडीशिवाय हात लावत नाही. गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या बीतला गर, खायची तर फोडलेली विकत घ्या. दोन पैसे वाचवायला घरी फोडू नका.

रुईचा चीक डोळ्यात गेला आणि दुखत नाही म्हणून गप्प बसू नका. सुरुवातीला दुखतच नाही, नुसतं धुरकट दिसतं. भरपूर पाण्यानं धुवा आणि थेट डोळ्याच्या दवाखान्यात जा.

गुंजेचा पाला गोड, विड्यात घालतात. बी मात्र विष. अख्खी गिळली तर टणक सालीमुळं बऱ्याचदा तशीच बाहेर पडते, फुटली तर जिवावर बेतते. धोतऱ्याच्या बियांवर मी बोलतच नाही.

राहिली गुळवेल. करोनात लोकांनी कडुलिंबावर दिसेल ती वेल ओढली. बदामी पान बघून ठरवू नका, तसली पानं ढीगभर वेलींना असतात. मी नखानं खोड खरवडतो: वरची साल कागदासारखी सुटते, खाली हिरवं लागतं. आडवं कापलं की चाकासारखे आरे दिसतात. जुनी वेल असेल तर वरून दोऱ्यासारखी मुळं लोंबत असतात. बुडात तोडली तरी ती जमिनीकडं मुळं सोडते आणि जगते. खोडावर मस्सेच मस्से असतील तर ती दुसरीच जात, 2022 मध्ये आयुष मंत्रालयानंही तिच्याबद्दल सावध केलं होतं. आणि खरी असली तरी लिव्हरचं दुखणं असणाऱ्यानं डॉक्टरला न विचारता रोज पेला भरून पिऊ नये.

अजूनही फोटो येतात, "काका, हीच का गुळवेल?" मी विचारतो, खोड खरवडून बघितलं का?

"काढा करून पिऊनबी झालो की."