ऑटिस्टिक सहकारी रुजू होतोय? मुंबईतल्या ऑफिसने करायची तयारी

नेमणुकीचं पत्र दिलं, सोमवारी रुजू व्हायचं ठरलं, की बहुतेक ऑफिसांना आपलं काम झालं असं वाटतं. पुढे दोन-तीन महिन्यांत ‘जमलं नाही’ म्हणून विषय संपतो. अशा वेळी कामाची कुवत कमी पडलेली असतेच असं नाही. घोळ असतो तो खुर्चीच्या जागेत, घाईघाईत तोंडी दिलेल्या सूचनेत, ऐन वेळी हललेल्या मीटिंगमध्ये आणि सकाळी साडेनऊच्या दादरच्या पुलावर. यातल्या पहिल्या तीन गोष्टी पूर्णपणे ऑफिसच्या हातात आहेत, चौथीबाबतही बरंच करता येतं.

ऑटिझम किंवा स्वमग्नता म्हणजे माणसं, आवाज, स्पर्श हे सगळं वेगळ्या तऱ्हेने समजून घेणारी मेंदूची जन्मजात घडण. ती अठराव्या वर्षी संपत नाही. काहींना तर आपण ऑटिस्टिक आहोत हे तिशी-चाळिशीत कळतं, बायकांच्या बाबतीत हे जास्तच होतं. कुणी अस्खलित बोलतं, कुणी टाइप करून किंवा चित्रांच्या अ‍ॅपवरून बोलतं. त्यामुळे खाली लिहिलेलं सगळं प्रत्येकाला लागेलच असं नाही. काय लागेल ते त्या व्यक्तीलाच विचारा. आईवडील सोबत आले असले तरी प्रश्न त्यांना नव्हे, तिला विचारायचा. उत्तर यायला दहा-पंधरा सेकंद लागू शकतात. तेवढ्यात तुम्ही प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारलात, तर डोक्यात जुळत आलेलं उत्तर मोडतं आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. गप्प राहा, थांबा.

आणि पस्तिशीच्या माणसाला ‘काय रे बाळा, जेवलास का?’ असं विचारू नका. बाकीच्यांना ‘तुम्ही’ म्हणत असाल तर त्यांनाही ‘तुम्ही’.

मुलाखत

नेहमीची मुलाखत ऑटिस्टिक माणसाची नोकरी करण्याची नव्हे, मुलाखत देण्याची परीक्षा घेते. प्रश्न दोन दिवस आधी लेखी पाठवा. सोबत इमारतीचं कोणतं गेट, कितवा मजला, खोलीत कोण दोघे असतील, किती मिनिटं चालेल, हेही लिहा. ‘स्वतःबद्दल काहीतरी सांगा’ हा प्रश्न काढून टाका, कारण त्याला टोकच नाही. ‘अडचण आली तर काय कराल?’ऐवजी ‘दोन बिलांवर एकच क्रमांक दिसला, तर आधी काय तपासाल?’ असं विचारा. शक्य असेल तर अर्धी मुलाखत बाजूला ठेवून प्रत्यक्ष कामाचा तुकडा द्या: ४५ मिनिटं, शांत खोली, मागे कुणी उभं नाही. नजरेला नजर देत नाहीत, यावरून आत्मविश्वास किंवा प्रामाणिकपणा मोजू नका. कित्येकांना नीट ऐकण्यासाठीच नजर बाजूला न्यावी लागते.

एक पान, त्यांनी लिहिलेलं

रुजू होण्याच्या आठवडाभर आधी त्या व्यक्तीकडून एक पान लिहून घ्या. लिहिणं जड जात असेल तर विचारून तुम्ही लिहा, पण शेवटी वाचून मान्यता त्यांचीच हवी. त्यात एवढं पुरे: काय सहन होत नाही (आवाज, वास, उजेड, स्पर्श), सूचना कशा हव्यात, ताण वाढतोय हे बाहेरून कसं दिसतं, तेव्हा काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, कुणाला फोन करायचा.

हे पान कुणी वाचायचं, हेही तेच ठरवतील. कुणाला फक्त टीमच्या प्रमुखाला सांगायचं असतं, कुणाला सगळ्यांना. सगळ्यांसमोर ‘आपल्याला यांना सांभाळून घ्यायचंय’ अशी घोषणा झाली की पहिल्याच दिवशी त्या माणसाचा सहकारी म्हणून दर्जा जातो, तो परत मिळवायला वर्ष लागतं.

खुर्ची कुठे ठेवायची

जागा ठरवण्याआधी त्या खुर्चीवर स्वतः २० मिनिटं बसा. एकदा सकाळी ११ला, एकदा डबे उघडतात तेव्हा. डोळे मिटून काय ऐकू येतं आणि कशाचा वास येतो ते लिहा. एसीचा झोत थेट मानेवर, फडफडणारी ट्यूब, प्रिंटर, सतत उघडणारं दार, मायक्रोवेव्हमध्ये गरम होणारे बोंबील, बाथरूममधलं रूम फ्रेशनर: इतरांना दहा मिनिटांनी जे जाणवेनासं होतं, ते अनेक ऑटिस्टिक माणसांच्या बाबतीत दिवसभर तेवढंच तीव्र राहतं. संध्याकाळी चारला चिडचिड झाली, तर कारण चारच्या आसपास शोधू नका. सकाळपासून साठत आलेलं असतं.

पाठीमागे भिंत असलेली, पँट्री आणि दारापासून लांबची, रोज तीच राहणारी जागा द्या. ‘जो आधी येईल त्याची खुर्ची’ ही पद्धत असेल तर यांना त्यातून वगळा. फडफडती ट्यूब बदला, आवाज दाबणारे हेडफोन वापरायला मोकळीक द्या. हेडफोन घातलेल्या माणसाच्या खांद्यावर मागून हात ठेवायचा नाही, समोरून येऊन टेबलाच्या कडेला हात दाखवायचा. गेटवर सुरक्षारक्षक अंग चाचपून तपासत असेल तर त्यालाही सांगून ठेवा: आधी बोलून दाखवायचं, नाहीतर हातातल्या यंत्रानेच तपासायचं.

एखादी छोटी खोली, निदान अर्धा तास कुणी येणार नाही असा कोपरा, लागतोच. जिन्याखालची स्टोअररूमही चालेल, पण ती मोकळी आणि आतून बंद होणारी हवी. तिथे जायला परवानगी मागावी लागू नये. ताण चढत असताना सर्वांत आधी शब्दच आटतात, मग परवानगी मागणार कशी?

काही जणांना तहान, भूक, लघवीची जाणीव उशिरा होते. दुपारी डबा तसाच राहिलेला दिसला तर तो हट्ट नसतो. एक वाजता फोनवर गजर लावून ठेवणं पुरतं.

सूचना

सर्वांत जास्त गाड्या अडतात त्या इथे. ‘ते बिलांचं जरा बघून घ्या ना, लवकर झालं तर बरं’ या वाक्यात काम नाही, वेळ नाही आणि झालं हे कधी समजायचं तेही नाही. हेच असं लिहा:

‘मार्चची बिलं लाल फोल्डरमध्ये आहेत. प्रत्येक बिलाची रक्कम एक्सेलच्या D रकान्याशी जुळवा. जुळली नाही तर ओळ पिवळी करा, दुरुस्त करू नका. शुक्रवारी ४ वाजेपर्यंत. अडलं तर मला मेसेज करा.’

लिहायला दोन मिनिटं जास्त लागतात. तोंडी बोलणं झालंच तर नंतर त्याचाच मेसेज टाका. एका वेळी तीन कामं दिलीत तर १, २, ३ असा क्रम द्या, नाहीतर तिन्ही सारखीच तातडीची वाटून एकही सुरू होत नाही. टोमणा, उपहास, ‘समजून घ्या’ यांवर विसंबू नका. ‘वा, आज अगदी वेळेवर आलात!’ हे कौतुक की खोच, हे ओळखायला लावणं म्हणजे विनाकारण ओझं टाकणं.

चूक झाली तर त्याच दिवशी, एकट्याला, काय चुकलं आणि पुढच्या वेळी नेमकं काय करायचं ते सांगा. उलट बाजूने त्यांच्याकडून येणारं बोलणंही सरळ असेल: ‘या तक्त्यात चूक आहे’ म्हणजे तक्त्यात चूक आहे, तुमचा अपमान नव्हे. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२मध्ये हेच मांडलं, की न समजणं एकतर्फी नसतं. ऑटिस्टिक नसलेल्यांनाही ऑटिस्टिक माणूस तितकाच कळत नसतो. टीमला प्रशिक्षण द्यायचं असेल तर तासाभराच्या भाषणापेक्षा स्वतःचेच मागच्या आठवड्यातले दहा मेसेज वरच्या पद्धतीने पुन्हा लिहायला लावा.

येणं-जाणं

पहिला प्रश्न वेळेचा. १० ते ६ऐवजी ८ ते ४ किंवा ११ ते ७ चालेल का? ही सवलत फुकट आहे आणि तिच्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

ज्यांना लोकलची सवय नाही, त्यांचा सराव घरच्यांनी रुजू होण्याआधी दोन आठवडे सुरू करावा. रविवारी नको. मेगाब्लॉकमुळे गाड्या दुसऱ्या मार्गावर वळवलेल्या असतात, काही स्टेशनांवर थांबत नाहीत, आणि शिकलेला क्रम सोमवारी खोटा ठरतो. आधी दुपारच्या विरळ गर्दीत दोन दिवस, मग खऱ्या वेळी सोबतीने, मग सोबती शेजारच्या डब्यात, मग सोबती फक्त उतरायच्या स्टेशनवर. पूल, जिना, फलाटावरची उभं राहायची जागा यांचे फोटो काढून क्रमाने फोनमध्ये ठेवा. इंडिकेटर आणि घोषणा यांत फरक पडला तर कशावर विश्वास ठेवायचा, कुणाला विचारायचं, हेही आधीच ठरलेलं हवं. फास्टऐवजी स्लोने जाणं वेळखाऊ असलं तरी अनेकांना झेपतं.

दिव्यांगांच्या डब्यात ऑटिस्टिक माणसाला हमखास विचारलं जातं, ‘तुम्हाला काय झालंय?’ कारण दिसत काहीच नाही. दिव्यांगत्वाचं ओळखपत्र गळ्यातल्या पाकिटात, हाताशी हवं. बोलता येत नसेल तर मागे एका ओळीचं कार्ड: ‘मला ऑटिझम आहे. बोलायला वेळ लागतो.’

पावसाळ्यासाठी वेगळी लेखी योजना करा. गाडी २० मिनिटांपेक्षा जास्त थांबली तर कुणाला मेसेज, लोकांनी उड्या मारल्या तरी आपण रुळांवर उतरायचं नाही, वाटेत कुणाचं घर जवळ आहे. आणि ऑफिसने ‘बघू सकाळी’ म्हणू नये. मुसळधार पावसाचा इशारा असेल तर घरून काम की सुट्टी, हे आदल्या रात्री ९पर्यंत कळवावं.

फार झालं की

भार असह्य झाला की मेल्टडाउन होतो: येरझाऱ्या, कान झाकणं, तेच वाक्य पुन्हा पुन्हा, ओरडणं, कधी स्वतःला मारून घेणं. तो कांगावा नव्हे, त्यावर त्या क्षणी त्यांचा ताबा नसतो. शटडाउन उलटा असतो, माणूस एकदम गप्प, निश्चल. तो कुणाच्या लक्षातच येत नाही.

अशा वेळी एकानेच जवळ राहायचं, बाकीच्यांनी निघून जायचं. दिवे कमी, पंखा-प्रिंटर बंद. हात लावायचा नाही, अडवायचं नाही, फक्त डोकं आपटत असेल तर मध्ये उशी किंवा बॅग धरायची. बोललात तर तीन-चार शब्दांत: ‘मी इथे आहे. घाई नाही.’ पाणी जवळ ठेवा, पाजू नका. कांदा हुंगवणं, तोंडावर पाणी मारणं, मोबाइलवर शूट करणं, ‘शांत व्हा, शांत व्हा’ म्हणत राहणं, यातलं काहीच नको. सावरायला २० मिनिटं लागतील किंवा दुपार जाईल. नंतर थकवा प्रचंड असतो, घरी जायचं का ते विचारा आणि चर्चा दुसऱ्या दिवशी करा.

ऑटिस्टिक लोकांत अपस्माराचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे फिट ओळखता यायला हवी. अंग ताठरून झटके येत असतील तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ला फोन करा.

सण आणि वाढदिवस

ऑफिसच्या गणपतीची आरती किती वाजता, ताशा असेल का, किती वेळ, हे आदल्या दिवशी सांगा. यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं, आणि न आल्याबद्दल कुणी विचारू नये. वाढदिवसाला चेहऱ्यावर केक फासण्याची प्रथा तर सगळ्यांसाठीच बंद केलेली बरी. आगीचा सराव मात्र अचानक करू नका, भोंग्याची वेळ कळवा आणि आदल्या दिवशी जिना दाखवून आणा.

कायदा आणि कागद

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७पासून लागू आहे, आणि त्यातल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत ऑटिझम येतो. वाजवी सोय, म्हणजे त्या व्यक्तीला काम करता यावं म्हणून गरजेपुरता केलेला बदल, नाकारणं हाच त्यात भेदभाव मानला आहे. २०१७च्या नियमांनुसार २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनेही समान संधी धोरणात दिव्यांगांसाठीच्या सोयी लिहायच्या असतात आणि संपर्क अधिकारी नेमायचा असतो. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो, तपासणी नेमलेल्या रुग्णालयात. ऑटिझम किती आहे हे आयसा (ISAA) या ४० मुद्द्यांच्या भारतीय मापनश्रेणीने मोजतात आणि तपासणीत लहानपणाबद्दलही विचारू शकतात, म्हणून शाळेचे जुने शेरे आणि लहानपण पाहिलेला एखादा नातेवाईक सोबत न्या. पण खुर्ची हलवायला किंवा सूचना लिहून द्यायला प्रमाणपत्र मागू नका.

पगाराचं खातं त्यांच्याच नावाचं असावं. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज असल्यास १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. तो सवयीने करून टाकू नये. २०१६च्या कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि दोघांनी मिळून निर्णय घेण्याचं. बहुतेकांना तेही लागत नाही.

आणि पात्रता असताना दरवेळी पणत्या रंगवायला, पाकिटं चिकटवायला बसवणं म्हणजे समावेश नव्हे. काम पात्रतेचं, पगार त्या पदाचा, बढतीची यादी तीच.

पुढे

पहिल्या महिन्यात दर शुक्रवारी १५ मिनिटं, त्यानंतर महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी बसा. ‘सगळं ठीक ना?’ विचारलं की ‘हो’ एवढंच मिळेल. त्यापेक्षा विचारा, ‘या आठवड्यात कोणत्या कामाला सर्वांत जास्त वेळ लागला? कोणता आवाज नवा आहे?’ आणि ते एक पान दर तीन महिन्यांनी दुरुस्त करून घ्या.

टीमचा प्रमुख बदलला की ही सगळी घडी आठवड्यात विस्कटते, कारण ती बहुधा एकाच माणसाच्या डोक्यात असते. जुना प्रमुख जाण्याआधी तिघांची अर्ध्या तासाची भेट ठेवा आणि ते पान, त्या व्यक्तीच्या संमतीने, तिच्यासमोरच नव्याच्या हाती द्या. नव्या प्रमुखाने पहिल्या महिन्यात जागा, वेळ आणि सूचनांची पद्धत यांना हात लावू नये. बदल अटळच असेल तर तो तारखेसह, लेखी, निदान सात दिवस आधी कळवावा.