वाळूच्या गोण्या किती आणायच्या? आधी गोणीच मोजा

घरात छोटं काम निघालं, म्हणजे बाथरूमची फरशी बदलायची, एखादी भिंत खरवडून परत प्लास्टर करायची, की मिस्त्रीला पहिला प्रश्न ठरलेला, "वाळू किती गोण्या आणू?" आणि तो भिंतीकडे एक नजर टाकून सांगणार, "आणा दहा-बारा, उरली तर बघू." आता बंगला असेल तर ठीक आहे, पण फ्लॅटमध्ये उरलेली वाळू ठेवणार कुठे, जिन्यात ठेवली तर सेक्रेटरी मागे लागणार, आणि वर चढवायला बिगारी गोणीमागे पैसे घेतो तसे खाली उतरवायलाही घेतोच. कमी पडली तर अजून वाईट, अर्ध्या भिंतीवर काम थांबलं की दुसऱ्या दिवशी जिथे जोड येतो तो रंग मारल्यावरसुद्धा दिसत राहतो.

मुळात गोणी हे काही माप नाही. वाळूचं माप ब्रास, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, ट्रकवाला त्याच हिशोबाने बोलतो. हार्डवेअरवाला मात्र सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू भरून विकतो, आणि कोण गळ्यापर्यंत भरतो तर कोण अर्ध्यावरच तोंड बांधतो. सिमेंटची ५० किलोची गोणी साधारण सव्वा घनफुटाची, पण तेवढी वाळू भरली तर वजन ५५ किलोच्या पुढे जातं, मग उचलणार कोण, त्यामुळे गोणी कमीच भरलेली असते.

म्हणून दुकानात आधी एक गोणी उघडून मोजायला सांगा. घरात रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा असतोच, तो घेऊन जा. १ घनफूट म्हणजे २८ लिटरच्या जरासं वर, तेव्हा गोणीतून दीड डबा वाळू निघाली तर ती गोणी १ घनफुटाची धरायची, आणि एकच डबा भरला तर पाऊण घनफूटही नाही. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे, एका दुकानात स्वस्त वाटणारी गोणी मोजल्यावर महाग पडते ती अशीच.

आता काम मोजू. १० बाय १० ची भिंत धरा, १०० चौरस फूट. प्लास्टर चार सूत, म्हणजे अर्धा इंच. अर्धा इंच म्हणजे फुटाचा चोविसावा भाग, म्हणून १०० ला २४ ने भागलं की ४.१७ घनफूट सिमेंट-वाळूचा ओला माल येतो. पण भिंत काही आरशासारखी सपाट नसते, विटांचे सांधे, खड्डे, वायरिंगसाठी मारलेले खाचे हे सगळं भरायचं असतं, त्याचे २० टक्के वाढवले की झाले ५. मग याला १.३ ने गुणायचं, कारण कोरड्या वाळूत पोकळी असते, पाणी घालून माल कालवला की तो बसतो, कोरडा साडेसहा घनफूट घ्याल तेव्हा ओला ५ मिळेल. १:४ चा माल असेल तर याचे पाच भाग करा, एक भाग सिमेंट म्हणजे १.३ घनफूट, जवळपास एक गोणी, आणि चार भाग वाळू म्हणजे ५.२ घनफूट. खिडकी छोटी असेल तर वजा करत बसू नका, तिच्या कडांना माल लागतोच.

म्हणजे दीड डब्याच्या गोण्या असतील तर पाच, एक डब्याच्या असतील तर आठ. भिंत तीच, मिस्त्री तोच, फरक फक्त गोणीचा.

आता ७ बाय ४ चं बाथरूम घ्या, २८ चौरस फूट, म्हणजे त्या भिंतीच्या एक तृतीयांशसुद्धा नाही. पण फरशीखाली मालाचा बेड दाराशी अडीच इंच आणि जाळीशी दीड, सरासरी २ इंच. २८ ला ६ ने भागा, ४.६७, गुणिले १.३ म्हणजे ६ च्या आसपास, १:६ चा माल म्हणून सात भाग केले तर वाळू परत ५.२ घनफूट! एवढ्याशा बाथरूमला अख्ख्या भिंतीइतकी वाळू. लोक लांबी-रुंदी इंच-इंच मोजतात आणि जाडी अंदाजाने सांगतात, खरा घोळ तिथेच होतो. चार सुताचं प्लास्टर आठ सूत गेलं की मालाचा आकडा सरळ दुप्पट. जुन्या भिंतीला पोट आलेलं असतं, त्यावर अॅल्युमिनियमची लांब पट्टी उभी-आडवी लावून बघा, कुठे किती फट राहते ते टेपने मोजा आणि मग सरासरी जाडी धरा. दहा मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक मिस्त्री हे काम सुरू झाल्यावर करतात, ऑर्डर देण्याआधी नाही.

पेव्हर ब्लॉकचं सोपं आहे, सिमेंट नाही, १०० चौरस फुटाला दाबून १ इंच थर म्हणजे ८.३ घनफूट, दाबल्यावर बसते म्हणून १० सांगा, सांध्यात भरायची बारीक वाळू वेगळी.

एक गोष्ट मात्र पावसाळ्यात हमखास चुकते. वाळू नुसती दमट असली की फुगते, कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि ते एकमेकांपासून लांब राहतात, बारीक वाळू २०-३० टक्के सहज फुगते. म्हणजे गोणी भरलेली दिसते पण वाळू कमी. गंमत म्हणजे पूर्ण पाण्यात बुडवली की परत बसते, आणि हेच वापरून घरी तपासता येतं. सरळ उभा काचेचा ग्लास घ्या, त्यात दमट वाळू न दाबता भरा, समजा १२ सेंटीमीटर भरली. ती कागदावर काढा, ग्लासात अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, वाळू हळूहळू परत टाका, काडीने ढवळा, वरून सपाट करा. आता ती १० सेंटीमीटरवर बसली तर २ सेंटीमीटर हवाच होती, म्हणजे १० वर २, २० टक्के फुगवटा. मग आपल्या ५.२ चे ६.२४ करायचे. आणि मिस्त्रीलाही सांगा, नाहीतर तो घमेल्याने मोजताना चार घमेली म्हणून प्रत्यक्षात सव्वातीनच टाकेल, माल तिखट होईल, म्हणजे त्यात सिमेंट जास्त होईल, आणि प्लास्टरला बारीक तडे जातील. तसाच ग्लास थोडा वेळ ठेवला की वर मातीचा थर किती बसतो तेही दिसतं, थर जाड असेल तर ती वाळू घेऊच नका.

नदीची वाळू प्लास्टरला चाळून घ्यावी लागते, खडे-शिंपले निघतात, त्यासाठी पाच-सहा गोण्यांमागे एक जास्त ठेवा. प्लास्टरची क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घेतली तर चाळायचं फारसं काम नाही, तिला एवढी सूट नको.

आणि सगळं मिळून हिशोब २५ घनफुटाच्या वर जायला लागला तर गोण्यांचा नाद सोडा, पाव ब्रास मोकळी वाळू मागवून खाली गोण्या भरून घ्या, भरायची मजुरी धरूनसुद्धा बऱ्याचदा स्वस्त पडतं, फक्त टाकायला जागा आहे का आणि सोसायटीची परवानगी आहे का ते आधी विचारा. गोण्याच घेणार असाल तर पैसे देण्याआधी दुकानदाराकडून कबूल करून घ्या की न उघडलेली गोणी तो परत घेईल, नंतर कोणी ऐकत नाही.