ख्रिश्चन कॉलेजात एमपीएड करायचंय? आपल्या सातारा-सांगलीच्या पोरापोरींसाठी, आधी हे वाचा

मे महिना लागला की माझ्या फोनवर एकच प्रश्न येतो, मॅडम एमपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी, कुठं करू. विचारणारी सगळी आपल्याच भागातली, पलूस, तासगाव, कराड, कोरेगाव, कुणी कबड्डीचं, कुणी कुस्तीचं, कुणी नुसतंच पळणारं. मी वाळवा तालुक्यात हायस्कूलला शारीरिक शिक्षण शिकवते, त्याच्या आधीची पदवी म्हणजे बीपीएड इकडंच केलं आणि एमपीएड दक्षिणेतल्या एका ख्रिश्चन कॉलेजात केलं, त्यामुळं प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

पहिला प्रश्न घरच्यांचा असतो, ख्रिश्चन कॉलेजच का. तर बघा, आपण गावात शाळेमागं दोन बांबू रोवून व्हॉलीबॉलची नेट बांधतो ना, तो खेळ १८९५ साली अमेरिकेत वायएमसीए नावाच्या ख्रिश्चन संस्थेच्या व्यायामशाळेत तयार झाला, आणि बास्केटबॉल त्याच्या आधी १८९१ ला, वायएमसीएच्याच स्प्रिंगफिल्डच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये. शरीर, मन आणि आत्मा तिन्ही एकत्र घडवायचं ही त्यांची धारणा, त्यांच्या चिन्हातला त्रिकोण त्याचाच आहे. त्याच संस्थेच्या हॅरी क्रो बक यांनी १९२० ला मद्रासमध्ये शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, आजचं चेन्नईच्या नंदनममधलं वायएमसीए कॉलेज ऑफ फिजिकल एज्युकेशन. म्हणजे खेळ शिकवायला शिकवणारं कॉलेज असतं ही गोष्टच आपल्या देशात ज्यांनी रुजवली त्यातलं हे एक घराणं आहे. याचा अर्थ आपल्याकडं काही नव्हतं असा मुळीच नाही, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, पुण्यात आगाशे कॉलेज आहे, आणि गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते आपल्या लाल मातीच्याच जोरावर. घराजवळ राहायचं असेल तर महाराष्ट्रातली सीईटी द्या, तेही चांगलंच आहे. पण बाहेर जायची तयारी असेल तर ही वाट माहीत असावी.

दुसरा प्रश्न आईचा. माझ्या आईनं विचारलेला, तिकडं धर्म बदलायला लावत्यात का गं. मिरजेच्या वानलेस ह्या मिशनच्या हॉस्पिटलात आमच्या घरातली तीन बाळंतपणं झाली, तिथं कुणी कधी जात-धर्म विचारला नाही, तरी पोरगी एकटी लांब जाणार म्हटल्यावर आईला काळजी वाटणारच आणि तिला गप्प बसवू नका, नीट उत्तर द्या. राज्यघटनेच्या ३० व्या कलमानं अल्पसंख्याक समाजाला स्वतःच्या संस्था काढून चालवायचा हक्क दिलाय, त्यामुळं अशा कॉलेजात त्यांच्या समाजासाठी काही जागा राखीव असू शकतात. आणि कलम २८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षण किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. मी मात्र प्रार्थनेला जाऊन बसायचे, सकाळी सहाच्या प्रॅक्टिकलआधीची तेवढीच दहा मिनिटं शांत असायची म्हणून. गणपतीत रूमवर मोदक केले तर केरळच्या मैत्रिणींनी नारळ खवून दिला.

आता पात्रता. एमपीएडला थेट बीए करून जाता येत नाही, हे दरवर्षी कुणालातरी सांगावं लागतं. आधी बीपीएड पाहिजे, किंवा आरोग्य व शारीरिक शिक्षणातलं बीएस्सी, आणि त्यात किमान ५० टक्के. नुसतं बीए-बीकॉम असेल तर आधी दोन वर्षं बीपीएड, मग दोन वर्षं एमपीएड, म्हणजे चार वर्षांचा हिशेब घरात आधीच सांगून ठेवा.

आणि कॉलेज कुठलंही असो, ख्रिश्चन, सरकारी, आपल्या ओळखीच्या साहेबांचं, त्या कोर्सला एनसीटीईची, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या कोर्सना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या परिषदेची, मान्यता आहे का ते स्वतः एनसीटीईच्या वेबसाइटवर जाऊन बघा. कॉलेजच्या नावाला मान्यता आणि कोर्सला मान्यता ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा एक विद्यार्थी, चांगला चारशे मीटर पळणारा, एका एजंटाच्या नादाला लागून परराज्यातल्या एका संस्थेत पैसे भरून बसला, हजेरीची गरज नाही फक्त परीक्षेला या म्हणाले, दोन वर्षांनी हातात आलेला कागद कुठंच चालेना. त्याच्या वडिलांनी उसाच्या बिलातनं भरलेले पैसे होते ते. मैदानावर न जाता शारीरिक शिक्षणाची पदवी देतो म्हणणाऱ्याच्या दारात उभंसुद्धा राहू नका.

कागदपत्रांत आपली पोरं जेवढी मार खातात तेवढी मैदानावर खात नाहीत. शालेय स्पर्धांची सर्टिफिकेटं पत्र्याच्या पेटीत, निम्म्यांवर वर्ष पुसलेलं, निम्म्यांवर नावाचं स्पेलिंग वेगळं. आजच सगळी काढा, वर्षवार लावा, स्कॅन करा, आधार आणि मार्कलिस्टवरचं नाव जुळतंय का बघा. दुसऱ्या राज्यात जायचं तर शिवाजी विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, ते रिझल्ट लागल्या लागल्या मागा कारण जुलैत सगळ्यांचीच गर्दी होते. आणि एक कटू पण खरी गोष्ट, आपला महाराष्ट्रातला जातीचा दाखला तमिळनाडूच्या राज्य कोट्यात आरक्षणाला चालत नाही, तिथं तुम्ही ओपनमध्ये धरले जाता. स्कॉलरशिपचं मात्र वेगळं असतं, ती आपल्या राज्याकडून मिळू शकते, म्हणून जायच्या आधी समाजकल्याण ऑफिसात एक चक्कर मारून यायची.

प्रवेशाच्या मैदानी चाचणीची तयारी किमान तीन महिने आधी. पळणं, उडी, गोळाफेक आणि तुमचा खेळ, एवढं धरून चाला. साताऱ्याची पोरं अजिंक्यतारा चढून दम वाढवतात ते उत्तमच आहे पण नुसता दम कामाचा नाही, वेग पण लागतो, म्हणून आठवड्यातनं दोन दिवस छोट्या स्प्रिंट मारा. पाऊस सुरू झाला की इकडं सगळी मैदानं चिखल होतात आणि काळ्या मातीत पाय मुरगळतो, तर जड व्यायाम पावसाच्या आत उरका. गोळा मुलांचा ७.२६ किलोचा आणि मुलींचा ४ किलोचा, शाळेतल्या हलक्या गोळ्यावर सराव करून ऐनवेळी जड गोळा हातात आला की मनगट दुखावतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

शिवाय मैदान आखता आलं पाहिजे, कारण तोंडी परीक्षेला हमखास विचारतात आणि इथं चांगले चांगले खेळाडू गप्प होतात. फक्की मारलेली रेघ आपण सगळ्यांनी बघितली, पण बाहेरच्या लेनचा खेळाडू पुढं का उभा करतात आणि नेमका किती पुढं, हे विचारलं की शांतता. सोपं आहे. लेनची रुंदी १.२२ मीटर, पूर्ण एक फेरी लेनमधनंच पळायची असेल तर बाहेरच्या प्रत्येक लेनला दोन गुणिले पाय (गणितातला π, ३.१४) गुणिले १.२२, म्हणजे साधारण ७.६७ मीटर जास्त पळावं लागतं, तेवढा स्टॅगर, म्हणजे सुरुवातीलाच पुढं उभं करायचं अंतर, द्यायचा. ट्रॅक दोनशेचा असो का चारशेचा, वळणाची त्रिज्या काही असो, हा आकडा बदलत नाही. पक्क्या ट्रॅकला आतल्या बाजूला कठडा असला तर पहिली लेन ३० सेंटीमीटरवरनं मोजतात आणि बाकीच्या २० वरनं, म्हणून फक्त दुसऱ्या लेनचा स्टॅगर ७.०४ येतो. एकदा टेप घेऊन स्वतः शाळेच्या मैदानावर आखून बघा, पुन्हा आयुष्यात विसरणार नाही.

आता ज्याच्यासाठी मी हे एवढं लिहितेय ते. एमपीएड हा खेळाडू व्हायचा कोर्स नाही, शिकवायचा आहे. मला हे तिथं गेल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं. सराव पाठ होता, आठवीचा वर्ग, चाळीस मुलं, व्हॉलीबॉलची अंडरहँड सर्व्हिस. मी पाठ टाचण सुंदर लिहिलं होतं, इंग्लिशमध्ये पाठ करून गेले होते, प्रात्यक्षिक पण झकास दिलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. आमचे सर मागं झाडाखाली स्टॉपवॉच घेऊन बसलेले. तास संपल्यावर त्यांनी मला कागद दाखवला, त्यांनी माझ्याकडं बघितलंच नव्हतं, रांगेतल्या शेवटून दुसऱ्या एका मुलावर घड्याळ लावलं होतं. ३५ मिनिटांत ते पोरगं ४ मिनिटं हललं, बॉलला त्याचा हात दोनदा लागला, बाकी वेळ ते उभं. सर काही रागावले नाहीत, एवढंच म्हणाले की खेळ तुला येतो हे मला आधीच माहीत होतं. त्या रात्री मला झोप आली नाही. पुढच्या पाठाला मी दहा गट केले, बॉल कमी होते तर जुन्या कपड्यांचे चेंडू शिवले, भिंतीवर खडूनं रेघ मारून नेट केली, सगळी मुलं एकाच वेळी कामात. आजही माझ्या शाळेत मी महिन्यातनं एकदा कुठल्यातरी एका मुलीवर घड्याळ लावते.

म्हणून कॉलेज निवडताना मैदान किती एकर आहे ते नंतर विचारा, आधी विचारा की सराव पाठ किती घ्यायला लावता, कुठल्या शाळांत, आणि मागं बसून कोण बघतं. जुन्या मिशनच्या कॉलेजांची हीच बाजू मला सगळ्यात मोलाची वाटते, शाळेशी, दवाखान्याशी, वस्तीशी त्यांचं जुनं नातं असतं आणि विद्यार्थ्याला तिथं पाठवतात.

दुसरं म्हणजे आरोग्य. कोर्सच्या नावात हेल्थ असलं तरी आपली पोरं तो पेपर कसाबसा काढायचा म्हणून बघतात. सीबीएसईच्या शाळांत तर २०१८ पासून नववी ते बारावीला आरोग्य आणि शारीरिक शिक्षण सक्तीचं झालंय, तेव्हा ते शिकवणारा माणूस लागणारच. आणि नोकरीचं सोडा, गेल्या ऑक्टोबरात तालुक्याच्या स्पर्धेत दुपारी दीडला आठशेच्या शर्यतीनंतर एक नववीतली मुलगी कोसळली. चार जण धावले, एकानं कांदा आणा म्हणून ओरडलं, दुसरा बेशुद्ध पोरीच्या तोंडात बाटलीनं पाणी ओतायला लागला. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घातलं की ते फुप्फुसात जाऊ शकतं, मी ती बाटली हिसकावून घेतली, श्वास चालू आहे का बघितला, सावलीत आडवं केलं, पाय उचलून धरले, मानेवर आणि काखेत ओलं फडकं ठेवलं, दोन मिनिटांत तिनं डोळे उघडले. ती सकाळपासून उपाशी होती. नंतर दवाखान्यात तपासलं तर हिमोग्लोबिन ८, जे मुलींचं १२ च्या वर पाहिजे. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती दप्तरात टाकायची, कारण पोटात मळमळतं म्हणून कुणी तिला जेवणानंतर घे असं सांगितलंच नव्हतं. हे सांगणं पीटीच्या शिक्षकाचं काम आहे, तेव्हा शरीरक्रियाविज्ञान, आहार आणि प्रथमोपचार मनापासून शिका, हॉस्टेलवर असताना सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबायचं, प्रात्यक्षिक पुतळ्यावर हात दुखेपर्यंत करा.

भाषेचं टेन्शन घेऊ नका पण तयारी करा. शिकवणं इंग्लिशमध्ये, मैदानाबाहेर तमिळ किंवा मलयाळम, मराठी फक्त घरच्या फोनवर. जायच्या आधी आपल्या खेळाचं नियमांचं पुस्तक इंग्लिशमधनं वाचून काढा, आणि रोज दहा मिनिटं आरशासमोर इंग्लिशमध्ये एक कौशल्य समजावून सांगा. भाकरीची आठवण पहिले दोन महिने फार येते, मग भात-सांबार अंगवळणी पडतं. चेन्नईची गाडी पुण्याहून किंवा सोलापूरहून मिळते, रिझर्वेशन लवकर करा.

प्रबंधाचा विषय शक्यतो आपल्या मातीतला घ्या. मी ऊसतोड कामगारांच्या मुलांची शारीरिक क्षमता घेतली होती, हंगामात कारखान्याच्या तळावर जाऊन उड्या आणि पळणं मोजलं, आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकायला त्रास झाला पण व्हायव्हाला परीक्षक अर्धा तास त्याच मुलांबद्दल विचारत होते.

पुढचं थोडक्यात. कॉलेजला क्रीडा संचालक व्हायचं तर एमपीएडला ५५ टक्के, मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा, नेटला शारीरिक शिक्षणाचा विषय क्रमांक ४७. भरतीच्या वेळी फिटनेसची चाचणी पण असते, तिशीच्या आतल्या मुलांना १२ मिनिटांत १८०० मीटर आणि मुलींना ८ मिनिटांत १००० मीटर, म्हणजे अभ्यासाच्या नादात पळणं सोडायचं नाही. शाळेत जायचं तर राज्याच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर लक्ष ठेवा, पण जागा कमी निघतात, म्हणून पाचगणीच्या निवासी शाळा आणि साताऱ्याचं सैनिक स्कूल इकडं पण बघत राहा, तिथं इंग्लिशमध्ये तास घेता येणाऱ्या माणसाला किंमत आहे.

ज्यांना यंदा जायचंय त्यांनी अर्ज भरायच्या आधी सर्टिफिकेटांची फाईल घेऊन कुठल्याही रविवारी सकाळी सात ते नऊ आमच्या शाळेच्या मैदानावर यावं, पोरी सरावाला असतातच, टेप आणि फक्की मी आणते, तुम्ही ट्रॅक आखून दाखवा.