तळं खणायच्या आधी छप्पर मोजा

परसात तळं करायचं ठरलं की लोक आधी जेसीबीवाल्याला फोन लावतात. मी सांगते, आधी टेप घेऊन छप्पर मोजा. तळं केवढं करायचं हे रिकाम्या जागेवर नाही, येणाऱ्या पाण्यावर ठरतं. आमच्या पुरंदरच्या पूर्व भागात बोअरचं पाणी तळ्यात सोडण्याची चैन कुणालाच परवडत नाही. सगळी भिस्त पत्र्यावर.

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. मात्र पत्रा उतारावरून मोजू नका. खाली पागोळ्या पडतात त्या रेषांच्या आतली लांबी-रुंदी घ्या. आमचं छप्पर 90 चौरस मीटर भरलं. पावसाचा आकडा सरासरीचा धरू नका, 2018 सारख्या दुष्काळी सालाचा धरा. कृषी विभागाच्या संकेतस्थळावर तालुक्याचा जुना पाऊस बघायला मिळतो. मी 350 मिलिमीटर धरला आणि त्यातलं 80 टक्केच हाती लागेल असं मानलं. 90 गुणिले 350 गुणिले 0.8, म्हणजे 25,200 लिटर.

आता खड्डा. वर 7 बाय 6 मीटर आणि खोली एक मीटर म्हटलं की ठेकेदार झटकन 42 हजार लिटर सांगतो. पण कडा उतरत्या असतात. मीटरभर खोलीला दीड मीटर उतार दिला की तळ 4 बाय 3 च उरतो. निम्म्या खोलीवर लांबी-रुंदी साडेपाच बाय साडेचार येते. तिला खोलीने गुणा. जेमतेम 24,750 लिटर! आमच्या पत्र्याला एवढंच तळं झेपतं. तळ्यावर थेट पडणारा पाऊस मी जमेत धरत नाही, कारण पावसाळ्यातही उघडीप मिळाली की वाफ होतेच.

मग जमीन बघा. दोन फुटांचा खड्डा घेऊन एकदा पाण्याने भरा, मुरू द्या. संध्याकाळी पुन्हा भरून खूण करा आणि वर पाटी झाका. सकाळपर्यंत इंचापेक्षा जास्त उतरलं तर प्लास्टिकचा कागद टाकावाच लागेल. मुरमात तर प्रश्नच नको. काळी माती भरवशाची वाटते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. 500 मायक्रॉनचा शेततळ्याचा कागद घ्या. साधी ताडपत्री उन्हाने फाटते. वरच्या मापाला, कागदाची टोकं पुरायच्या कडेच्या चरासकट, 9 बाय 8 मीटर कागद लागतो. आधी तळातले दगड, मुळ्या वेचा.

पन्हळीपासून तळ्यापर्यंत चार इंची पाईप टाका. दहा मीटरला दहा सेंटिमीटर उतार पुरतो, पण तो डोळ्यांनी ठरवू नका. गवंड्याची पाण्याची नळी लावा. तळ्याच्या तोंडाशी दोन फुटांचा गाळखड्डा आणि जाळी हवी. पहिल्या पावसाचं पाणी, पत्र्यावरची धूळ आणि पाखरांच्या विष्ठेसकट, बाहेर सोडून द्या. काठाच्या सहा इंच खाली सांडवा ठेवा आणि तो घराच्या पायाकडे वळवू नका.

कागद टाकल्यावर तळं कोरडं सोडू नये, वारा त्याला उचलतो. एक 5,000 लिटरचा टँकर मागवून फूटभर पाणी करून ठेवा. माझ्या मते विकतचं पाणी एवढंच. बाकीचं पाऊस भरेल, नाहीतर तळं लहान करा.

एप्रिल-मेमध्ये दिवसाला सेंटिमीटरभर वाफ होते. तुडुंब भरलेल्या या तळ्याला ते रोज चारशे लिटर पडतं. उन्हाळ्यात पाणी हवं असेल तर तोंड आवळून खोली वाढवा. मात्र खोल तळ्याला कुंपण आणि आत गाठी मारलेला दोर आलाच, कारण ओल्या कागदावरून मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही.