बाईकचा संग्रह सांभाळताय? मग या चुका टाळा

एकच बाईक असते तेव्हा ती रोज नजरेखालून जाते. हवा कमी झाली, आरसा वाकला, कुलपाशी कोणी खटपट केली, तर त्याच दिवशी लक्षात येतं. बाईक सात-आठ झाल्या की फिरतात दोन-तीनच. बाकीच्या कव्हराखाली उभ्या राहतात आणि महिना-महिना त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. शिवाय सगळ्या एकाच छपराखाली. म्हणजे चोरी झाली तर ती उशिरा कळणार, आणि आग लागली तर सगळ्या एकदम जाणार. संग्रह सांभाळण्यातल्या बहुतेक चुका या दोन गोष्टी विसरल्यामुळे होतात.

कुलूप आहे, पण बाईक कशालाच बांधलेली नाही

हँडल लॉकवर फार विसंबू नका. जोर लावून हँडल फिरवलं की अनेक गाड्यांमधली ती छोटी पिन तुटते. डिस्क लॉकमुळे चाक फिरत नाही हे खरं, पण दीडशे किलोची बाईक दोन-तीन माणसं सरळ उचलून टेम्पोत टाकतात. तिथे चाक फिरतंय का नाही याला काही अर्थ उरत नाही. म्हणून बाईक जमिनीला किंवा भिंतीला जखडलेली हवी, आणि त्यासाठी काँक्रीटमध्ये बसवलेला लोखंडी अँकर, म्हणजे साखळी अडकवायची कडी, हवी.

अँकर बसवतानाच निम्मी कामं बिघडतात. नुसत्या फरशीवर किंवा वरच्या पातळ थरावर ठोकलेला अँकर पहारीने फरशीसकट वर येतो. खाली निदान दहा सेंटिमीटर घट्ट काँक्रीट आहे याची खात्री करा. नवीन ओतलं असेल तर लगेच भोकं पाडू नका. काँक्रीटची ताकद साधारण 28 दिवसांनी मोजतात, ती काही उगाच नाही. बोल्ट बसले की त्यांच्या डोक्यातल्या षटकोनी खाचेत स्टीलची गोळी ठोकून टाका, म्हणजे पान्याने ते उलटे फिरवता येणार नाहीत.

साखळीची जाडी बघून घ्या. हाताने चालवायच्या मोठ्या कटरला 16 मिलिमीटर किंवा त्याहून जाड, कडक केलेल्या पोलादाची साखळी सहसा दाद देत नाही. पण तीच साखळी जमिनीवर लोळत असेल तर कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून दुसऱ्यावर अंगाचा सगळा भार टाकता येतो. साखळी अधांतरी, ताणलेली ठेवा. आणि ती चाकातून घालू नका. चाक खोलून उरलेली बाईक नेता येते. फ्रेममधून घाला, ते जमत नसेल तर स्विंगआर्ममधून, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यातून.

बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे मात्र जवळपास प्रत्येक साखळी कधी ना कधी हार मानते. आपल्या हातात उरतं ते त्याला वेळ लागेल आणि आवाज होईल अशी व्यवस्था करणं. कुलूप अशा कोपऱ्यात ठेवा की ग्राइंडर नीट धरता येणार नाही. सगळ्यात किमती बाईक सगळ्यात आत आणि तिच्यापुढे जड, कमी किमतीच्या गाड्या. दाराजवळ शोभेची गाडी उभी करायचा मोह अनेकांना आवरत नाही. तो आवरा.

किल्ल्यांचा बोर्ड

गॅरेजच्या भिंतीवर छान लाकडी बोर्ड, त्यावर ओळीने किल्ल्या, प्रत्येकीला गाडीचा नंबर लिहिलेला बिल्ला. दिसायला सुंदर आणि चोराच्या फार सोयीचं. किल्ल्या दुसऱ्या खोलीत, बंद पेटीत ठेवा. बिल्ल्यावर तुम्हालाच कळेल अशी खूण पुरते. नव्या कुलपाबरोबर किंवा गाडीबरोबर किल्लीच्या कोड नंबराची पट्टी येते, तीही गॅरेजच्या खणात टाकू नका. त्या नंबरावरून दुसरी किल्ली बनते.

जुन्या गाड्यांच्या किल्लीवर तर भरवसा ठेवूच नका. कित्येक जुन्या मॉडेलांच्या किल्ल्या इतक्या साध्या असतात की एकीची दुसरीला लागते. मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिन फिरवलं की ठिणगीची वीज स्वतः बनवणाऱ्या यंत्रावर, चालणाऱ्या गाड्या बॅटरीवाचूनही सुरू होतात. अशा गाडीची राखण करायची तर ती बाहेरच्या कुलपाने आणि साखळीनेच.

जाता जाता गॅरेजचं दारही तपासा. झडपेसारखं वर उचलायचं दार पुष्कळदा मधल्या एकाच मुठीवर अडकलेलं असतं. खाली दोन्ही कोपऱ्यांत वेगळी कडी-कुलपं लावा. दाराचा रिमोट रोजच्या बाईकच्या डिकीत ठेवणं म्हणजे ती एक बाईक गेली की बाकीच्यांचं दार उघडून देणं.

ट्रॅकर लावला आणि विसरलो

ट्रॅकर सतत थोडा थोडा करंट खातो. समजा ट्रॅकर आणि अलार्म मिळून 20 मिलिअँपिअर खातात आणि बॅटरी 10 अँपिअर-तासांची आहे. हिशोबाने 500 तासांत, म्हणजे साधारण तीन आठवड्यांत बॅटरी कोरडी. स्टार्टर त्याच्या बराच आधी मान टाकतो. मग होतं काय, की जी गाडी फिरत नाही तिचाच ट्रॅकर मुका होतो, आणि तिच्याकडेच तर तुमचं लक्ष नसतं. अशा गाडीला स्वतःची बॅटरी असलेला ट्रॅकर लावा, नाहीतर ती कायम चार्जरवर ठेवा.

ट्रॅकर गप्प झाला असेल तर आधी सिम कार्डाची मुदत बघा, मग बॅटरी, मग जागा. तळघरात किंवा पत्र्याच्या कंटेनरमध्ये उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही, मोबाइलचाही नीट पोचत नाही. किल्ली शोधायला वापरतात त्या ब्लूटूथच्या चकत्या स्वस्त आणि सोयीच्या असतात, पण कोणावर लपून पाळत ठेवली जाऊ नये म्हणून त्या अनोळखी माणसाच्या फोनवर ‘तुमच्यासोबत एक ट्रॅकर फिरतोय’ अशी सूचना पाठवतात. तो अनोळखी माणूस चोरही असू शकतो.

अलार्म विनाकारण वाजत असेल तर बंद करून टाकू नका. सेन्सरची संवेदनशीलता कमी करा, कव्हर वाऱ्याने फडफडतंय का बघा, मांजर किंवा उंदीर ये-जा करतात का बघा. चार वेळा फुकट वाजलेल्या अलार्मकडे पाचव्यांदा शेजारी ढुंकून बघत नाहीत. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग त्याच खोलीतल्या डब्यात साठत असेल तर तो डबाही बाईकबरोबर जातो; प्रत दुसरीकडे जायला हवी.

सगळ्या जगाला पत्ता

संग्रहाचे फोटो टाकायची हौस समजू शकते. पण फोनच्या मूळ फोटोत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश साठवलेले असू शकतात, आणि ते नसले तरी मागची खिडकी, गेट, समोरच्या इमारतीची पाटी बरंच काही सांगते. राइड नोंदवणाऱ्या अॅपमध्ये प्रत्येक राइड तुमच्या दारातून सुरू होते आणि तिथेच संपते. सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा लपवायची सोय बऱ्याच अॅपमध्ये असते, ती वापरा. गाडी विकायला काढली तर गिऱ्हाइकाला गॅरेजमध्ये आणू नका. विकायची ती एक गाडी दुसरीकडे उभी करून दाखवा. बाकीच्या त्याला दिसायचं कारण नाही.

चोराचा विचार झाला, आगीचा नाही

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक. चोर एका रात्रीत एक-दोन बाईक नेतो. आग काही मागे ठेवत नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या राष्ट्रीय मोटरसायकल संग्रहालयाला 16 सप्टेंबर 2003 रोजी आग लागली आणि 380च्या आसपास दुर्मीळ बाईक गेल्या. कारण म्हणून समोर आलं ते नीट न विझवलेलं सिगारेटचं थोटूक. आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा तिथे नव्हती. पुन्हा बांधताना ती बसवली. ऑस्ट्रियातल्या आल्प्समध्ये होखगुर्गल इथलं संग्रहालय 18 जानेवारी 2021 रोजी जळालं, तेव्हा दोनशेहून अधिक बाईक एका पहाटेत संपल्या. ही सगळी तज्ज्ञांनी सांभाळलेली संग्रहालयं. आपल्या गॅरेजमध्ये रंगाचे डबे, पुठ्ठ्याची खोकी आणि एकाच बोर्डातून निघालेल्या पाच एक्स्टेंशन वायरी असतात.

पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते. म्हणून हवा खेळायला जाळी खालीही हवी, वरची खिडकी पुरत नाही. गॅसचा गीझर, वेल्डिंग, ग्राइंडरचं काम त्या खोलीत नको. जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर आपोआप तापून पेटू शकतात. त्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर आधी कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, बघा. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीचा कॉक चालू राहिला आणि कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसली नाही, तर पेट्रोल ओसंडून जमिनीवर येतं किंवा सिलिंडरवाटे इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर किक मारू नका. ऑइल बदला, सुई दुरुस्त करा, मग बाकीचं.

चार्जरची गोष्ट वेगळी. साधा जुना चार्जर बॅटरी भरली तरी थांबत नाही, आणि जास्त चार्ज होणारी लेड-ॲसिड बॅटरी हायड्रोजन सोडते. हवेत तो चार टक्के झाला तरी पेटतो. बॅटरी भरली की करंट आपोआप कमी करणारा चार्जर घ्या आणि लिथियम बॅटरीला लिथियमचाच लावा. लेड-ॲसिड बॅटरीवरची गंधकाची पुटं काढणारा मोड लिथियम बॅटरीला घातक ठरतो. विश्रांतीत असलेली चांगली 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते. चार्जरवरून काढून दुसऱ्या दिवशी ती 12.4च्या खाली गेली तर चार्जर बदलून उपयोग नाही, बॅटरीच तपासा.

आग विझवायला कोरड्या पावडरचा सिलिंडर बहुतेकांकडे असतो. तो काम करतो, पण त्याची पावडर ओल धरते आणि ॲल्युमिनियम खाते. वापरलाच तर वाचलेल्या गाड्या लगेच धुवा. कार्बन डायऑक्साइडचा काही मागे ठेवत नाही, मात्र छोट्या बंद खोलीत तो मारून तिथेच उभं राहणं जिवावर बेतू शकतं. मी दोन्ही ठेवीन, आणि दोन्ही दाराजवळ. मागच्या भिंतीवरचा सिलिंडर आणायला आगीतून जावं लागतं.

इथे कुलपाशी एक भांडण आहे. एकाच लांब साखळीत पाच बाईक ओवल्या तर चोराला त्रास होतो आणि आगीच्या वेळी तुम्हालाही. माझं उत्तर असं: दोन-दोनच्या जोड्या करा, सगळी कुलपं एकाच किल्लीची घ्या, आणि ती किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसालाही माहीत असू द्या. परवडत असेल तर संग्रह दोन जागी विभागा. त्याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

कव्हराखाली काय चाललंय

प्लॅस्टिकचं कव्हर ओल कोंडून ठेवतं. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर राहिली की लोखंड भराभर गंजू लागतं. एक साधा आर्द्रतामापक लावा आणि कव्हर श्वास घेणाऱ्या कापडाचं घ्या. आठवड्यातून पाच मिनिटं इंजिन चालू करण्याची सवय चांगली वाटते, पण तेवढ्यात ऑइल तापत नाही आणि जळणातून आलेलं पाणी आत साठतं. नीट फिरवा, नाहीतर सुरूच करू नका. वर्षभर काढायची नसेल तर मी टाकी रिकामी करून आतून तेलाचा हात देण्याच्या बाजूचा आहे. भरलेल्या टाकीत गंज कमी धरतो खरा, पण दहा टाक्यांत मिळून शे-दीडशे लिटर पेट्रोल एका खोलीत राहतं.

बाईक इतक्या खेटून लावू नका की एक कलंडली तर रांग कोसळेल. साइड स्टँडखाली पट्टी ठेवा. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने घरटं केलंय का, वायरी कुरतडल्यात का, हे कव्हर काढल्याशिवाय दिसत नाही. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक कव्हर काढाच.

कागद

चासी नंबर, इंजिन नंबर, चारी बाजूंचे फोटो, वेल्डिंगच्या खुणा, दुरुस्तीची बिलं: हे सगळं गॅरेजबाहेर एका जागी आणि त्याची एक प्रत तिसऱ्याच जागी. चोरी झाल्यावर ‘काळी, जुनी, चांगल्या अवस्थेतली’ एवढंच सांगता आलं तर शोधणार काय?

विम्यात रक्कम कशी ठरते ते बघा. साध्या विम्यात वयाप्रमाणे किंमत घटत जाते, तर संग्रहातल्या गाडीची वाढत असू शकते. अशा गाडीसाठी दोन्ही बाजूंनी आधीच ठरलेल्या किमतीचा विमा मिळतो का ते विचारा आणि ती किंमत दर वर्षी नवी करून घ्या. शिवाय अटी वाचा: कुलूप कोणत्या दर्जाचं, गाड्या कुठे ठेवायच्या, सुटे भाग आणि जॅकेट-हेल्मेट धरलेत का. गाड्या दुसऱ्या जागी हलवल्या तर विमा कंपनीला त्याच आठवड्यात लेखी कळवा, आणि उत्तर आलं की ते त्याच फाइलला लावा.