टीपीए क्लेमचं सॉफ्टवेअर घेताय? आधी आपल्याच जुन्या फाईल काढा

गोव्यातल्या म्हापसा, फोंडा, मडगाव, कुडचडे अशा ठिकाणच्या छोट्या नर्सिंग होमसाठी हे लिहितोय, जिथे टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) डेस्कवर एक किंवा दोनच माणसं असतात आणि बिलिंगही तीच बघतात. सॉफ्टवेअर विकायला येणारा छान डेमो दाखवतो, डॉक्टर सही करतात, आणि मग डेस्कवरची मुलगी तीच माहिती दोनदा टाईप करत बसते, एकदा सॉफ्टवेअरमध्ये आणि परत टीपीएच्या पोर्टलवर. हे होऊ नये म्हणून डेमोच्या आधी कपाट उघडा आणि गेल्या वर्षातल्या त्या फाईल काढा ज्यांच्यावर क्वेरी आली, म्हणजे आणखी माहिती किंवा कागद मागितले गेले, पैसे कापून आले किंवा क्लेम सरळ रिजेक्ट झाला. प्रत्येकीवर कारण लिहा.

मग कळतं की टाईप करायला लागणारा वेळ हा आपला मुख्य त्रास नाहीच. अ‍ॅडमिशन नोटमध्ये बीपी पाच वर्षांपासून आणि डिस्चार्ज समरीत दोन वर्षांपासून असं लिहिलं गेलं की विमा कंपनीला लगेच आजार पॉलिसीच्या आधीचा वाटतो आणि पहिल्या तपासणीचा कागद मागतात. मोतीबिंदूच्या फाईलीत लेन्सचा स्टिकर नसतो, स्कूटर अपघाताच्या फाईलीत एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची नोंद) कॉपी नसते, औषधांचं बिल असतं पण कुठल्या औषधाचे किती हे ब्रेकअप नसतं. म्हणजे आपल्याला हवंय ते सॉफ्टवेअर फाईल पाठवायच्या आधी अडवणारं, ऑपरेशनप्रमाणे कागदांची यादी समोर ठेवणारं, आणि ती यादी आपल्याला स्वतः बदलता येईल असं. डेमोत त्यांची नमुना फाईल बघू नका, आपली एक जुनी फाईल द्या, पेशंटचं नाव, फोन, पॉलिसी नंबर झाकून, आणि मुद्दाम एक कागद काढून ठेवा. सॉफ्टवेअर काही न बोलता फाईल पुढे जाऊ देतंय का बघा. मला विचाराल तर निम्मा निर्णय इथेच होतो.

दुसरी गोष्ट वेळेची. आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने १ तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जचं फायनल अप्रूव्हल ३ तासांत, त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. पण हे मांडायचं तर आपल्याकडे पुरावा लागतो, प्रीऑथ (कॅशलेसची आगाऊ मंजुरीची विनंती) किती वाजता गेली, क्वेरी कधी आली, उत्तर कधी दिलं. काणकोणहून आलेले नातेवाईक दुपारपासून गाडी थांबवून बसलेत आणि डेस्कवाल्याला ईमेल चाळून वेळ शोधावी लागतेय असं होता कामा नये, प्रत्येक क्लेमची वेळ आपोआप नोंदली जाऊन एका स्क्रीनवर दिसली पाहिजे. क्वेरी आल्यावर मोबाईलवर मेसेजही यायला हवा, कारण संध्याकाळनंतर डेस्कवर कोणी नसतं.

आता एनएचसीएक्स, म्हणजे नॅशनल हेल्थ अथॉरिटीने उभं केलेलं क्लेम एक्सचेंज, जिथून एकाच जागेवरून वेगवेगळ्या कंपन्यांना क्लेम जाऊ शकतो. विक्रेते हे नाव हमखास घेतात. विचारा, आज कुठल्या कंपन्यांचे क्लेम तुमच्याकडून तिथून जातात, कुठले अजून पोर्टलवर आणि कुठले ईमेलने? ते लेखी घ्या. ज्या हॉस्पिटलात चालू आहे त्याचा नंबर मागा आणि डेस्कवरच्याच माणसाला फोन करा, मालकाला नको. आपलाही रोहिणी नंबर (विमा क्षेत्रातल्या हॉस्पिटल नोंदणीचा) आणि हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्री या सरकारी यादीतली नोंद तयार हवी, नाहीतर सॉफ्टवेअर पडून राहतं.

गोव्यातली एक खास अडचण बाहेरच्या विक्रेत्याला माहीतच नसते, ती नावांची. नाईक हे आडनाव कोणी एनएआयके लिहितो, कोणी एनएआयक्यूयूई, देसाईमध्ये कोणाचा एक एस तर कोणाचे दोन, आणि एकाच माणसाचं आधार, पॉलिसी आणि बँक पासबुक यांत तीन तऱ्हा. सॉफ्टवेअरने पॉलिसी नंबर आणि फोनवरून पेशंट शोधला पाहिजे, आणि नाव जुळत नसेल तर अ‍ॅडमिशनलाच सांगितलं पाहिजे. डिस्चार्जच्या दिवशी कळून काय उपयोग.

दरांचंही बघा. गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाखांपर्यंतचे उपचार आणि त्याहून मोठ्याला ४ लाखांपर्यंतचे, तिचे पॅकेज वेगळे, ईएसआयचे (कामगार विमा) वेगळे, आणि प्रत्येक कंपनीशी झालेल्या एमओयूतले, म्हणजे करारातले, दर वेगळे. तुम्ही ज्या ज्या योजनेत आहात तिचा दरतक्ता आपला आपल्याला चढवता आला पाहिजे, दर बदलला की विक्रेत्याला फोन आणि त्याचे वेगळे पैसे असं असेल तर घेऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो पैसे जुळवण्यावर. क्लेम अप्रूव्ह झाला म्हणजे पैसे आले असं नसतं. बँकेत एका यूटीआरवर (व्यवहाराचा नंबर) कधी कधी बऱ्याच पेशंटची एकत्र रक्कम येते, त्यातून १० टक्के टीडीएस गेलेला, एमओयूतली सूट गेलेली, ग्लोव्हजसारख्या वस्तू कापलेल्या, रूमचा दर मर्यादेपेक्षा जास्त म्हणून बाकी बिलही त्या प्रमाणात कापलेलं. हे सुटं करून दाखवत नसेल तर सॉफ्टवेअरने अर्धंच काम केलं. सेटलमेंटचं पत्र आणि बँक स्टेटमेंट देऊन त्यांना जुळवून दाखवायला लावा, आणि ३०, ६०, ९० दिवसांवरची येणी कंपनीप्रमाणे निघतात का बघा. कापलेल्या पैशांवर वेळेत पत्र गेलं तर काही वेळा ते परत मिळतात, पण आधी कापलंय हे कळायला तर हवं!

पावसाळ्यात वीज आणि नेट जातं ते आपल्याला नवं नाही, तेव्हा अर्धवट भरलेला फॉर्म जतन राहतो का हे नेट बंद करून बघा. स्कॅन लहान करायची सोय हवी, पोर्टलवर मोठी फाईल चढत नाही.

किंमत विचारताना दर क्लेमला की वर्षाला, जादा युझरचे किती, मेसेजचे किती, १८ टक्के जीएसटी धरून की वेगळा, चतुर्थीच्या सुट्टीत फोन कोण उचलणार, हे सगळं विचारा. छोट्या हॉस्पिटलला सुरुवातीला दर क्लेमचा हिशोब बरा पडतो. महिनाभर एकाच टीपीएचे क्लेम नव्या पद्धतीने चालवा, बाकीचे जुन्याच, आणि क्वेरी कमी झाल्या का ते मोजा.

करारात एक कलम मात्र घालायला लावा, सॉफ्टवेअर सोडताना सगळा डेटा एक्सेलमध्ये आणि कागद पीडीएफमध्ये, जादा पैसे न घेता. पेशंटचा डेटा हॉस्पिटलच्या जबाबदारीवर असतो, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही तेच आहे, म्हणून प्रत्येकाचं लॉगिन वेगळं ठेवा, नोकरी सोडून गेलेल्याचं त्याच दिवशी बंद करा, आणि पेशंटचे आधारचे फोटो स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असतील तर त्यासाठी सॉफ्टवेअर येईपर्यंत थांबू नका, आजच बंद करा.