टॉय हॉलरच्या गॅरेजमध्ये कपाटं ठोकताय? या चुका टाळा

ऑक्टोबर लागला की फिनिक्सचं ऊन जरा माणसात येतं आणि माझा फोन वाजायला लागतो. "दादा, या वेळी गॅरेजमध्ये दोन कपाटं आणि एक बेंच ठोकतोय. स्क्रू किती इंची घेऊ?" खरं तर हा या कामातला शेवटचा प्रश्न. पण शनिवारी सामान आणायचं आणि रविवारी संध्याकाळी फोटो टाकायचे असतात, म्हणून तोच सगळ्यात आधी येतो.

ज्यांनी टॉय हॉलर पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिकअपमागे ओढायचं चाकांवरचं घर, आणि त्याच्या मागच्या भागात गॅरेज. मागची सबंध भिंत खाली पडून रॅम्प होते, त्यावरून डर्ट बाईक, चारचाकी क्वाड किंवा साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी बसायची वाळूतली गाडी) आत चढवायच्या. वाळूत पोचलं की गाड्या बाहेर काढायच्या आणि तीच जागा झोपायची खोली. पण हेल्मेटं, बूट, हवेचा पंप, खुर्च्या, चटया, कुकर, पोह्यांचा डबा यांना घर नसतं. सगळं जमिनीवर लोळत येतं. म्हणून कपाटं हवीत, हे मला पूर्ण मान्य आहे. ती कशी ठोकली जातात, भांडण तिथे आहे.

पायाखाली काय आहे ते न बघता भोक पाडणं

दोन सीझनपूर्वीची गोष्ट. एका मित्राने (नाव लिहीत नाही, त्याची बायको हे वाचते) गॅरेजच्या जमिनीत स्टीलचं टूलचं कपाट बसवलं. चार लॅग स्क्रू, प्रत्येकी अडीच इंची. जमिनीचा प्लायवूड पाऊण इंचाच्या आसपास. उरलेला पावणेदोन इंच स्क्रू कुठे गेला, हा प्रश्न या गृहस्थाला पडलाच नाही. कपाट मात्र हलत नव्हतं, त्यामुळे स्वारी खूश.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी आम्ही दोन कुटुंबं कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसला निघालो. त्याने घरूनच 100 गॅलन पाणी भरून घेतलं होतं, आणि ते बरोबरच होतं, कारण त्या वाळूच्या टेकड्यांमध्ये नळ नाही. गिला बेंडला आय-8 महामार्ग पकडला. डेटलँडला खजुराचा शेक प्यायला थांबलो तेव्हा त्याच्या ट्रेलरमागे डांबरावर ओली रेघ दिसली. म्हणाला, "एसीचं पाणी असेल." नोव्हेंबरात. एसी बंद असताना.

मी खाली वाकून बघितलं. ट्रेलरच्या पोटाला जो कोरोप्लास्टचा, म्हणजे पोकळ प्लास्टिकचा, पातळ पत्रा असतो तो पखालीसारखा फुगून लोंबत होता. लॅग स्क्रूंपैकी एक थेट पिण्याच्या पाण्याच्या टाकीत उतरला होता. घरी उभ्या गाडीत स्क्रूच बुचासारखा बसून होता, त्यामुळे काही कळलं नाही. शंभर मैल हादरे बसल्यावर त्याच्या भोवतीचं भोक मोठं झालं आणि पाणी सुटलं. उरलेली सुट्टी दोन्ही घरांनी माझ्या टाकीवर काढली. अंघोळी रद्द, कागदी ताटल्या, आणि पिठल्याची कढई आजी राखेने घासायची तशी वाळूने घासली.

घरी आल्यावर त्याने टाकीला सिलिकोन फासलं. ही टाकी पॉलिएथिलीनची असते आणि त्या प्लास्टिकला सिलिकोन धरत नाही. मग इपॉक्सी लावलं, तेही निघालं. मुळात प्लास्टिक वेल्डिंग तरी करायचं असतं किंवा टाकी तरी बदलायची असते. त्याने शेवटी टाकी बदलली, आणि ती काढण्यासाठी आधी अर्थातच ते न हलणारं कपाट काढावं लागलं.

मी अजून त्याला यावरून चिडवतो, पण मनातून घाबरलेलोच आहे. बऱ्याच टॉय हॉलरना स्वतःचा पेट्रोल पंप असतो आणि त्या पेट्रोलची टाकीही याच जमिनीखाली असते. स्क्रू दोन फूट इकडे तिकडे गेला असता तर मी हा लेख विनोदी सुरात लिहीत नसतो. शिवाय खाली वायरी असतात, पाण्याच्या पेक्सच्या नळ्या असतात, सांडपाण्याच्या टाक्या असतात.

माझी सवय अशी: जमिनीत नवं भोक शक्यतो पाडायचंच नाही. गाडी बांधायला कंपनीने दिलेल्या कड्या, म्हणजे डी-रिंग, खालच्या लोखंडी चौकटीला बोल्ट केलेल्या असतील तर त्यांच्याच बोल्टवर आडवी पट्टी टाकतो आणि कपाट त्या पट्टीवर बसवतो. पाडायचंच झालं तर आधी पाठीवर झोपून, टॉर्च घेऊन गाडीखाली जातो, पोटाच्या पत्र्याची एक कड सोडवतो आणि आत केबलवाला छोटा कॅमेरा सरकवतो. चाकाच्या खाचेपासून मापं घेऊन तीच मापं आत जमिनीवर उतरवतो. ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळतो, म्हणजे बिट किती खोल गेली ते दिसतं. या सगळ्याला अख्खी सकाळ जाते. लोकांना तेवढा धीर नसतो. दहा मिनिटांच्या व्हिडिओत कोणी पाठीवर झोपलेलं दिसत नाही ना.

जड सामान रॅम्पजवळ

ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे इथे आवाज जरा खाली.

पहिल्या ट्रेलरमध्ये मी लाकडी बेंच, कॉम्प्रेसर आणि हत्यारांची पेटी अगदी मागे, रॅम्पला लागून बसवली. रॅम्प उघडला की सगळं हाताशी. धरून 260 पौंड. मालवाहतुकीची मर्यादा ओलांडली नव्हती, म्हणून मी निर्धास्त होतो. युमाच्या अलीकडे टेलिग्राफ पासचा उतार लागला, शेजारून एक मोठा ट्रक गेला आणि माझ्या ट्रेलरचं शेपूट डोलायला लागलं. आधी थोडं, मग आरशात ट्रेलरची कूस दिसेपर्यंत. सुदैवाने पिकअपचा ब्रेक दाबला नाही. ॲक्सिलरेटर सोडला आणि ब्रेक कंट्रोलरची पट्टी दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले, तेव्हा तो सरळ झाला. बायको युमापर्यंत एक शब्द बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

युमाला ट्रकच्या वजनकाट्यावर गेलो. ट्रेलर 9,800 पौंड, आणि पिकअपला ट्रेलर जिथे अडकतो त्या हिचच्या चेंडूवर येणारं वजन, ज्याला सगळे टंग वेट म्हणतात, ते फक्त 740. म्हणजे साडेसात टक्के. मागे ओढायच्या साध्या ट्रेलरला ते एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के हवं. फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअपच्या हौद्यात अडकणारा ट्रेलर, असेल तर त्याहून जास्त.

हिशोब सीसॉचा आहे. ट्रेलरची चाकं म्हणजे मधला टेकू. माझ्या ट्रेलरमध्ये चेंडूपासून चाकांच्या मध्यापर्यंत 18 फूट, आणि बेंच चाकांच्या मागे 9 फूट. म्हणजे त्या 260 पौंडांनी चेंडूवरून निम्मं, 130 पौंड, उचलून घेतलं. पुढच्या भागात कपड्यांच्या बॅगा ठेवून ते भरून निघत नाही.

यावर ठरलेलं उत्तर ऐकतो: "अहो, टॉय हॉलर मुळातच पुढे जड बनवतात." बनवतात, पण ते मागे चढणाऱ्या गाडीसाठी. ती जागा तुमच्या साइड-बाय-साइडची आहे, आधीच वापरलेली. त्यामुळे आता जड ते चाकांच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत. मागे फक्त हेल्मेटं, जाकिटं, दोऱ्या. आणि दर मोठ्या फेरबदलानंतर काट्यावर: एकदा नुसता पिकअप, एकदा ट्रेलर जोडून (हिचवरचं वजन पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणारे वेट डिस्ट्रिब्यूशनचे दांडे सैल सोडून). पिकअपच्या दोन आसांवर जेवढं वजन वाढलं तेवढं टंग वेट. माणसं दोन्ही वेळा तितकीच बसवा. एकाने पहिल्यांदा सासऱ्यांना उतरवलं होतं.

याच्याच जोडीला कपाटांचं स्वतःचं वजन. पाऊण इंची प्लायवूडची 4 बाय 8 ची एक शीट 60-70 पौंड भरते. तीन शीटचं भरभक्कम फर्निचर केलंत की 200 पौंड गेले, अजून एक हेल्मेट ठेवलेलं नाही. दाराजवळच्या स्टिकरवर 3,600 पौंड सामान चालेल असं लिहिलंय समजा. त्यातून 100 गॅलन पाण्याचे 834 गेले, 30 गॅलन पेट्रोलचे 180, गाडीचे 1,600, आणि कपडे, खाणं, खुर्च्या, हत्यारं यांचे 500. राहिले 486. मी अर्धा इंची प्लायवूड आणि ॲल्युमिनियमच्या चौकटी वापरतो. सुतारकामाची हौस असलेले मित्र नाकं मुरडतात. सागवानी कपाट हवं असेल तर घरी करा.

रिकाम्या गॅरेजमध्ये मापं घेणं

कपाटं सुंदर बसतात, मग गाडी आत चढवली की आरसा अडतो, किंवा गाडी बसते पण पट्टे बांधायला डी-रिंगपर्यंत हातच जात नाही. पट्टे बाजूला तिरके ओढले गेले पाहिजेत. कपाटामुळे ते उभे झाले तर गाडी डुलते. गाडी आत बांधून, मग जमिनीवर आणि भिंतीवर निळी टेप लावून मापं घ्या. मी तर पहिली ट्रिप पुठ्ठ्याच्या खोक्यांवर काढतो. कुठलं खोकं चार दिवसांत उघडलंच नाही ते कळतं.

वरून पलंग येतो हे विसरणं

गॅरेजमधले पलंग दिवसा छताला टेकलेले असतात आणि रात्री बटण दाबलं की रुळांवरून खाली येतात. त्या वाटेत एक शेल्फ आलं की मोटर कुरकुरते, पलंग एका कोपऱ्यावर टेकतो आणि चारही कोपरे पुन्हा समतल करण्यात रात्र जाते. आधी पलंग पूर्ण खाली आणा, त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. पलंगाच्या वाटेत त्या रेघेच्या वर काहीही नको, अगदी खुंटीसुद्धा.

भिंतीला भिंत समजणं

आतली भिंत म्हणजे एक अष्टमांश इंचाचा लुआन प्लायवूड, जवळजवळ पापडच. मागे फोम, आणि मधून मधून ॲल्युमिनियमची चौकट. पापडात अँकर घालून टांगलेलं शेल्फ पहिल्या खडबडीत कच्च्या रस्त्यावर भिंतीचा तुकडा घेऊन खाली येतं. चौकट शोधायला लोहचुंबक चालत नाही, ॲल्युमिनियम आहे ते. थंडीत पहाटे बाहेरून भिंतीवरचं दव नीट बघितलं की बऱ्याच ट्रेलरवर चौकटीच्या रेघा उमटलेल्या दिसतात. चहाचा कप हातात घेऊन पेन्सिलीने खुणा कराव्यात. मग दोन-तीन चौकटींवर एक लांब फळी रिव्हनटने (पातळ धातूच्या भोकात पक्का बसणारा नट) बसवायची आणि जे टांगायचं ते फळीवर.

जाळ्या झाकणं

गॅरेजच्या भिंतीत जमिनीलगत ज्या जाळ्या असतात त्या कोणी शोभेला ठेवलेल्या नाहीत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचते आणि तिथूनच बाहेर जाते. त्या जाळ्यांसमोर बिन्सची उतरंड रचणाऱ्या माणसाच्या ट्रेलरमध्ये मी झोपत नाही. फर्नेसची, म्हणजे गॅसच्या हीटरची, ठिणगी आपोआप पडते, विचारून पडत नाही. तसंच लाल कड्यांची खिडकी. ती आगीत बाहेर पडायची वाट आहे, तिच्यावर शेल्फ नको.

बाकीच्या किरकोळ. बंजीच्या दोऱ्या सामान धरत नाहीत, फक्त उशिरा सोडतात. रॅम्पच्या आतल्या बाजूला कपाट लावू नका, स्प्रिंगा रॅम्पच्या वजनाप्रमाणे बसवलेल्या असतात. चिकटणारे हुक फिनिक्सच्या जुलैत बंद ट्रेलरमध्ये एकेक करून गळतात. बॉल बेअरिंगचे ड्रॉवर ग्लॅमिसच्या वाळूत दोन ट्रिप टिकतात, साधे झाकणाचे डबे जन्मभर. आणि कुलूप नसलेल्या वरच्या कपाटात कुकर ठेवू नये, याबद्दल माझ्या कपाळावर पुरावा आहे.

झेंड्याच्या काठ्यांचं मात्र सगळेच विचारतात. ग्लॅमिसला गाडीवर जमिनीपासून 8 फुटांवर झेंडा लागतो, आणि ती लांब काठी कुठल्याच कपाटात मावत नाही. मी छताच्या कडेने तीन इंची पीव्हीसी पाइप टांगलाय, एका टोकाला बूच. पलंगाच्या वाटेच्या बाहेर, बरं का. तो बसवायला 40 मिनिटं लागली, आणि माझ्या गॅरेजमधलं पहिल्या झटक्यात जमलेलं ते एकमेव काम आहे. डाव्या भिंतीवर दोन सीझन निळी टेपच आहे. तिथे काय लावायचं ते ठरत नाहीये, आणि तोपर्यंत बायकोने तिथे टॉवेलची दोरी बांधून टाकली आहे.